रोशमूरचा फरार फेस

"नीट पाहून घ्या मला," एव्हारिस्त ब्रिसो म्हणाला, आणि नीट पाहता यावं म्हणून खिडकीच्या उजेडात सरकला. "हे कपाळ पाहा. याच्यामागे जे चालतं ते पॅरिसच्या पोलिसांना कळलं, तर ते अर्धी कचेरी भाड्याने देऊन टाकतील. हे नाक पाहा. बंद दारामागे कुठलं चीज आहे आणि ते कुणी चोरून खाल्लंय, हे मी रस्त्यावरून सांगतो. आणि हे डोळे! उभी हयात लोकांच्या घरांत शिरून, जिन्याखाली वाकून, जळमटांमागचे विजेचे मीटर वाचलेत यांनी. मीटर खोटं बोलत नाही, मादाम. आणि माणूस म्हणजे तरी काय? चालतंबोलतं मीटर. मी समोर उभा राहतो, आकडा वाचतो आणि बिल हातात ठेवतो!"

"एव्हारिस्त," लेओकादी मोरिसे मटार सोलता सोलता म्हणाली, "शाळेत असताना तू माझ्या कुंपणावर अडकला होतास. चड्डी तिथेच ठेवून पळालास. मी तुला नीट पाहिलंय."

दाराशी टोपी हातात धरून उभ्या असलेल्या मेदारने खोकल्याचं निमित्त करून हसू गिळलं. मेदार हा एव्हारिस्तचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दाजी नोकरीतून निवृत्त होऊन गुप्तहेर झाले, तेव्हा त्यांना एक सहकारी हवा होता आणि घरात दुसरं कुणी रिकामं नव्हतं. सहकाऱ्याचं काम सोपं होतं. दाजींची विजेरी सांभाळायची, छत्री सांभाळायची आणि लोकांनी हात उगारला की मध्ये पडायचं.

पण आज मेदारला हसू फार वेळ पुरलं नाही. शनिवारी सिदोनीचं लग्न होतं, आणि आज गुरुवार उजाडला तरी ते होणार की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. सिदोनी तार्दिव्हो ही मेदारची धर्मकन्या. तिच्या बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर धरलं होतं, आणि आपल्या हातून पडेल की काय या भीतीने पाद्रीबुवांच्या आधी तोच रडला होता. मुलं त्याला झाली नाहीत. जी होती ती ही एक, तीही दुसऱ्याची.

आणि तिचं लग्न अडलं होतं ते बुडबुड्यांवरून.

रोशमूरचा उतार एकच. उतारावर वेल एकच, वेलीला घड एकाच जातीचा, घडावर पडणारं ऊनही एकाच सूर्याचं. पण घड खुडून गावात आला की त्याला दोन वाटा फुटतात. नदीकडे वळला, तर तार्दिव्होंच्या डोंगरात कोरलेल्या तळघरात त्याची फेसाळ वाइन होते. चर्चकडे वळला, तर मोरिसेंच्या तळघरात शांत वाइन. त्यामुळे गावात तट दोन. फेसवाले आणि शांतवाले. फेसवाले म्हणतात, शांत वाइन म्हणजे धीर सुटलेली वाइन. शांतवाले म्हणतात, जिला सांगण्यासारखं काही नसतं तीच एवढी फसफसते. दोहोंत आरडाओरडा जास्त करतात ते शांतवाले.

अशा गावात सिदोनी तार्दिव्हो आणि लेओकादीचा मुलगा गासियँ मोरिसे यांनी द्राक्षतोडणीच्या हंगामात एकाच ओळीत कात्री चालवली. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत दोघांच्या टोपल्या अर्ध्या रिकाम्या आणि डोळे भरलेले होते.

लग्नाला कुणाची ना नव्हती. भांडण होतं पहिल्या प्याल्याचं. मेयरसमोर सह्या झाल्या की सगळी वऱ्हाडी मंडळी गावच्या सभागृहात येतात आणि पहिला प्याला सगळ्यांनी एकाच वाइनचा घ्यायचा, असा रोशमूरचा रिवाज आहे. दोन वाइन चालत नाहीत. दोन वाइन ओततात ते वाटण्या करताना. मग सिदोनी आणि गासियँसाठी कुठली ओतायची? फेसाळ ओतली, तर मोरिसे येणार नव्हते. शांत ओतली, तर तार्दिव्हो येणार नव्हते. हे बोलणं इस्टरपासून चाललं होतं.

शेवटी मेयर जोलिव्हे यांनी तोड काढली. बुधवारी संध्याकाळी दोन्ही घरांनी सभागृहात जमायचं, आपापली बाटली उघडायची आणि नवरानवरीने दोन्ही चाखून एक निवडायची. निवड झाली की भांडण बंद. मेयरसाहेब खुशीत होते, कारण या निमित्ताने सभागृहातलं नवं भांडी धुण्याचं यंत्र लोकांना पुन्हा दाखवता येणार होतं. त्या यंत्राची त्यांनी फीत कापली होती. त्याच्यासाठी शाळेच्या गळक्या छपराला आणखी एक वर्ष थांबायला सांगितलं होतं, आणि छपरानेही तक्रार केली नव्हती. मुलांनी केली, पण मुलांना मत नसतं. यंत्रातून निघालेले ग्लास असे लखलखत होते की एव्हारिस्तने एकात पाहून मिशी सारखी केली.

सिदोनीचे वडील फुल्जाँस तार्दिव्हो यांनी आपली बाटली उघडली. बूच धाडकन उडालं आणि मेयरांच्या टकलावर आपटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाइन ग्लासात पडताना जरा फसफसली, आणि मग गप्प झाली. एक बुडबुडा नाही. तळ्याच्या पाण्यासारखी ती निपचित पडून राहिली.

सभागृहात एवढी शांतता पसरली की शांतवाल्यांनासुद्धा ती सोसवेना.

"व्याहीबुवा," लेओकादी गोड आवाजात म्हणाली, "आमच्या पक्षात यायचं होतं तर आधी सांगायचं. हार आणला असता."

फुल्जाँसने ग्लास टेबलावर ठेवला, तो फुटता फुटता वाचला. "बाटली बदललीय! माझ्या घरातला फेस कुणीतरी चोरलाय! चोर सापडल्याशिवाय माझी मुलगी मेयरच्या दारात पाऊल टाकणार नाही!"

सगळ्यांनी आपापले ग्लास तसेच खाली ठेवले. कुणीही ओठ लावला नव्हता. ग्लासाला ग्लास भिडल्याशिवाय, आणि भिडताना डोळ्याला डोळा दिल्याशिवाय, रोशमूरमध्ये कुणी पीत नाही. प्यायलं तर पुढची सात वर्षं बिछाना थंड, असं सगळे मानतात आणि कुणी तपासून पाहत नाही.

"कुणी हात लावू नका!" त्या क्षणी एव्हारिस्त खुर्चीवर चढला. "हे ग्लास आता ग्लास नाहीत. पुरावा आहेत. आणि पुरावा पीत नाहीत!"

असा हा तपास दाजींच्या हाती आला. म्हणजे दिला कुणीच नाही. त्यांनी उचलला, आणि खाली ठेवायला कुणी सांगितलं नाही.

"तर मादाम," लेओकादीच्या स्वयंपाकघरात एव्हारिस्त आता टेबलावर वाकला, "तुमच्या बकऱ्यांना टोचायची सुई कुठे आहे?"

"कपाटात. का, तुला टोचून हवंय?"

"मेदार, लक्षात घे. गुन्हेगार कबूल करतोय. बुचातून बारीक सुई आत घालायची, सगळा फेस ओढून घ्यायचा, सुई बाहेर काढायची. ना छिद्र दिसतं, ना ठसा. बकऱ्या पाळणाऱ्या बाईचंच हे काम."

"दाजी, पण बूच तर उडालं," मेदार म्हणाला. "मेयरांच्या डोक्याला टेंगूळ आलंय. फेस नव्हता तर ते उडालं कशाने?"

एव्हारिस्तने त्याच्याकडे करुणेने पाहिलं. "हीच तर चाल, बाळा. तिने आवाज आत ठेवला आणि फेस तेवढा नेला."

"म्हणजे माझ्या अंगात फारच कला आहे म्हणायची," लेओकादी म्हणाली. "मेदार, मटार नेतोस का घरी? हे सोललेले. तुझ्या दाजींना शेंगांसकट दे."

तिथून दोघे फुल्जाँसकडे गेले. फुल्जाँस स्वयंपाकघरात बसला होता, दाढी न केलेला, बाटलीकडे पाठ करून. बायको गेल्यापासून त्या घरात दोनच माणसं होती, आणि शनिवारनंतर एकच राहणार होतं. मेदारला ते दाराच्या खिळ्यावर टांगलेल्या कोटाकडे पाहूनच समजलं. खिळे दोन होते.

सभागृहात नेलेली बाटली ज्या ढिगातली होती, त्याच ढिगातली एक सिदोनीने आणली. फळीवरून ग्लास काढले, चुलीशेजारच्या आकड्यावरचं आईच्या वेळचं तागाचं फडकं ओढलं, ग्लास आतून बाहेरून पुसले आणि फुल्जाँसने वाइन ओतली. आणि फेस उठला! ग्लासाच्या तळातून मण्यांच्या माळा निघाल्या, एकीमागे एक, बारीक आणि सरळ, वर येऊन फुटत राहिल्या. मेदारने ग्लास कानाशी नेला. लहानपणी तो असाच शिंपला कानाशी धरायचा.

सगळे प्यायले. एव्हारिस्त दोनदा प्यायला, एकदा गुप्तहेर म्हणून आणि एकदा शेजारी म्हणून.

"आलं लक्षात," तो मिशी पुसत म्हणाला. "घरी फेस आहे. सभागृहात नाही. म्हणजे खून रस्त्यात होतो!"

"कसा?" फुल्जाँसने विचारलं.

"हादऱ्याने. या गावचे दगड पाहा, म्हाताऱ्याचे दात परवडले. बाटली उडते, फेस घाबरतो, जीव सोडतो. मेदार, लहान मुलाची गाडी आण."

शेजारणीच्या माळ्यावरून बाबागाडी आली. तीत उशी, उशीवर बाटली, बाटलीवर दुपटं. मेदारने ती गाडी रोशमूरच्या मुख्य रस्त्यावरून गोगलगाईच्या चालीने ढकलली. पुढे दाजी दगड मोजत चालले होते आणि वाटेतल्या मांजरांना बाजूला व्हायला सांगत होते.

"मेदार! अभिनंदन रे! केव्हा झालं?" खाटकाने दारातून हाक मारली.

"नाक बापावर गेलंय," त्याची बायको वाकून पाहत म्हणाली. "लांब आणि हिरवं."

धोब्याच्या घाटावर बसलेल्या बायकांनी तेवढ्यात गाणं जुळवलं आणि ते वळणापर्यंत त्याच्या पाठीशी आलं:

"गाडीत नाही बाळ बाई, निजलीय बाटली,
ब्रिसोच्या अकलेची ठिगळं फाटली."

सभागृहात पोचल्यावर यंत्रातले लखलखीत ग्लास काढले. बूच उडालं. वाइन ओतली. जरा फसफसली आणि गप्प झाली.

"रस्ता निर्दोष आहे," एव्हारिस्तने जाहीर केलं. "मी त्याला सोडून देतो."

मेदारचा घसा कोरडा पडला होता. "दाजी, एक घोट घेऊ का? नाहीतरी आता ओतलीच आहे."

"मेदार! साक्षीदाराला पिणार तू?"

दाजी मग सभागृहात हात पाठीमागे बांधून फेऱ्या घालू लागले. भिंतीवर प्रजासत्ताकाच्या देवीचा प्लास्टरचा मुखवटा होता, टवका उडालेला. तिची दृष्ट लागते का, हे त्यांनी तिच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवून पाहिलं. मग त्यांच्या मनात एक वेगळाच विचार आला. याच सभागृहात मेयर जोलिव्हे आपली भाषणं करतात. वर्षानुवर्षं करतात. इथल्या हवेत ती मुरलेली आहेत. कुठली जिवंत वस्तू अशा हवेत फेस धरेल? या एका सिद्धान्ताबद्दल मेदारला मनापासून काही म्हणता आलं नाही. तो खरा असावा असंच त्याला वाटलं.

संध्याकाळी सिदोनी त्याला नदीकाठच्या भिंतीवर भेटली. लग्नाच्या पोशाखाची घडी मांडीवर होती, आणि ती तिच्या काठाची शिवण उगीच उसवून पुन्हा घालत होती.

"काका, सापडला का चोर?"

"तुझे दाजीकाका म्हणतात, मेयरचं भाषण."

ती हसली नाही. "पाणी ओता म्हणावं सगळ्यांना. पाण्याने करू लग्न."

"साधं की बुडबुड्यांचं?" मेदार बोलून गेला.

"तूसुद्धा?" तिने सुई खाली ठेवली. नदी संथ वाहत होती. लुआर कुणाच्याच पक्षात नव्हती. "काका, आज सांगते. शनिवारी झालं नाही तर मी पुन्हा तारीख काढणार नाही. गासियँ आणि मी निघून जाऊ. लग्न होईल कुठेतरी, साक्षीदार रस्त्यावरचे. पण मग बाबा इकडे येऊ देणार नाहीत, आणि मीही येणार नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे. ते त्या तळघरात एकटे बसतील. आई गेल्यापासून ते बाटल्यांशी बोलतात, काका. मी दाराआड उभी राहून ऐकते. बाटल्यांना विचारतात, झोप लागली का."

मेदारने तिने खाली ठेवलेली सुई उचलली, दोरा ओवून परत दिली.

शुक्रवारी दुपारी एव्हारिस्तने सगळ्यांना सभागृहात बोलावलं. आदल्या दिवशी तो आरशासमोर काय काय म्हणत होता, ते मेदारने भिंतीआडून ऐकलं होतं, आणि म्हणून त्याने मध्ये पडायची तयारी ठेवली होती. फुल्जाँस आणि लेओकादी टेबलाच्या दोन टोकांना बसले, मध्ये मेयर, कोपऱ्यात गासियँ आणि सिदोनी एकमेकांचा हात धरून. दारातून दाजींची बायको ओनोरीन भाजीची पिशवी घेऊन आत आली.

"अहो, मफलर विसरलात. आणि जेवायला येणार आहात की अजून खून बाकी आहे?"

"ओनोरीन, गप्प बस. इतिहास घडतोय."

"ताई, बस जरा," मेदार कुजबुजला. "तू असलीस की बरं."

यंत्र नुकतंच थांबलं होतं. मेदारने वाफाळते ग्लास सगळ्यांपुढे मांडले. ताज्या बाटलीचं बूच उडालं. मेयर या वेळी टेबलाखाली होते. वाइन ओतली आणि प्रत्येक ग्लासात ती मुकी झाली.

"सभ्य स्त्रीपुरुषहो," एव्हारिस्तने मिशीला हात लावला, "मी प्रत्येकाचं मीटर वाचलंय. मादाम मोरिसे? सुई आहे, हेतू आहे, पण एवढी अक्कल नाही."

"तुझी बरी उतू चाललीय," लेओकादी म्हणाली.

"मेयर? भाषण जीवघेणं, पण तो गुन्हा नाही, कायद्याने परवानगी आहे. रस्ता? सोडून दिला. मग उरतं कोण? बाटलीला प्रत्येक वेळी हात कुणी लावला? ढिगातून बाटली कुणी काढली? जिला हे लग्न मनातून नकोच आहे, पण तोंडाने नाही म्हणता येत नाही, ती कोण?" त्याने बोट उचललं. "नवरी मुलगी!"

फुल्जाँस उठला, तशी त्याची खुर्ची मागे पडली. गासियँ दाजींच्या दिशेने निघाला आणि मेदार सवयीने मध्ये आला. पण त्या आधी सिदोनी टेबलापाशी पोचली होती. तिच्या गालांवर दोन लाल डाग उठले होते.

"हा तुमचा पुरावा ना?" ती म्हणाली. "ठेवा जपून!"

आणि तिने ग्लास उचलून, कुणाच्या ग्लासाला न लावता, कुणाच्या डोळ्यांत न पाहता, एका दमात रिकामा केला.

तिचे डोळे मोठे झाले, नाकपुड्या थरथरल्या, आणि रोशमूरच्या सभागृहात, प्रजासत्ताकाच्या देवीसमोर, नवरीने अशी एक सणसणीत उचकी दिली की मेयर पुन्हा टेबलाखाली गेले.

"नाकात गेला," ती डोळे पुसत म्हणाली. "बाबा, नाकात गेला! फेस आतच आहे!"

फुल्जाँसने आपला ग्लास उचलला, डोळे मिटले आणि घोट घेतला. त्याच्या मिटल्या पापणीतून पाणी आलं. ते फेसाचं की कशाचं, मेदारने पाहिलं नाही. मग सगळेच प्यायले, आणि सगळीकडून उचक्या सुरू झाल्या. जिभेच्या जिवावर पोट भरणारं हे गाव. परदेशातून लोक येतात ते यांच्या जिभेचा कौल ऐकायला. आणि तीन दिवस त्यांनी ही वाइन डोळ्यांनी पाहिली, नाकाने हुंगली, विजेरीने तपासली, बाबागाडीतून फिरवली. सभागृहात ती जिभेवर ठेवून पाहणं तेवढं राहून गेलं होतं.

"पण दिसत का नाही?" मेयरांनी खालून विचारलं.

"अय्या, हा ओला आहे," ओनोरीन म्हणाली. तिने वाइन ओतूच दिली नव्हती, तिच्यापुढचा ग्लास अजून रिकामाच होता. तळाशी पाण्याचे थेंब होते. "ओल्या भांड्यातून मी पीत नाही बाई." तिने एप्रनचा सोगा ग्लासात कोंबला, गरागरा फिरवला, बाहेर काढला आणि ग्लास पुढे केला. "हं, ओत रे मेदार."

मेदारने ओतली. आणि त्या एका ग्लासात, सगळ्या मुक्या ग्लासांच्या मधोमध, तळातून माळ निघाली. मग दुसरी. मग पाच-पन्नास.

"असं काय बघताय?" ओनोरीन म्हणाली. "पुसला मी. तुमच्याकडे पुसत नाहीत का?"

नव्हते पुसत. यंत्र आलं तेव्हापासून सभागृहातली फडकी मेयरांनी टाकून दिली होती. यंत्रात चमक आणणारं एक निळं औषध पडतं आणि त्यानंतर काचेवर धुळीचा कणसुद्धा उरत नाही, असं ते आता केविलवाण्या अभिमानाने सांगू लागले.

"कण नाही, सूत नाही," गासियँ हळूच म्हणाला. "मग बुडबुड्याने धरायचं कशाला?"

बुडबुड्यालाही जन्माला यायला टेकू लागतो. फडक्याचा एखादा तंतू, हाताचा एखादा ओरखडा, कुणीतरी ग्लास हातात धरून मन लावून पुसल्याची एवढीशी खूण. अगदी निष्कलंक काचेत त्याला थारा नाही. फुल्जाँस तार्दिव्होने जन्मभर फेस घडवला होता, त्यासाठी पदकं घेतली होती. पण ग्लास त्याने जन्मात एकदाही पुसला नव्हता. ते काम बायको करायची, मग मुलगी. फेसाचा निम्मा कारखाना चुलीशेजारच्या आकड्याला लटकलाय, हे त्याला आज कळत होतं. तो सिदोनीच्या हातांकडे पाहत राहिला.

"यंत्र!" एव्हारिस्त गरजला. "मी पहिल्यापासून सांगत होतो, गुन्हेगार बाहेरचा आहे. ज्या वस्तूला मीटर असतं तिच्यावर विश्वास म्हणून ठेवू नये!"

"अहो, चला जेवायला," ओनोरीन म्हणाली.

पण गोष्ट संपली नव्हती. फुल्जाँसने छाती पुढे काढली. "मग ठरलं. मुलीने स्वतः चाखून आनंदाने उचकी दिलीय. उद्याचा प्याला फेसाळ!"

"उचकीला निवड म्हणत नाहीत," लेओकादी उठली. "जेवणात मासे आमच्या वाइनबरोबर आणि पहिला प्याला तुमचा? बरं, मुलांसाठी तेही केलं असतं मी. जिभेचं काय, जीभ तोंडात असते, कुणाला दिसत नाही. पण मोरिसेंच्या हातात बुडबुड्यांचा ग्लास साऱ्या गावाला दिसणार? माझ्या नवऱ्याचं थडगं सभागृहाच्या मागेच आहे, व्याहीबुवा. तो खिडकीशी येईल."

सिदोनीचा चेहरा पुन्हा विझला. पण मेदार जागच्या जागी थबकला. दाजींच्या हाताखाली इतकी वर्षं काढून तो एकच गोष्ट शिकला होता. दाजी ज्या वाक्यावर जोर देतात ते सोडून बाकीची ऐकायची. 'कुणाला दिसत नाही,' बाई म्हणाली होती. आणि मग, 'दिसणार?'

तो सिदोनीपाशी गेला आणि तिच्या कानात काहीतरी बोलला. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग लेओकादीकडे. मग दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं.

"मान्य," ती वळून म्हणाली. "उद्याचं मेदारकाका बघतील. मोरिसेंच्या हातात बुडबुडा दिसणार नाही आणि तार्दिव्होंच्या हातात दिसल्याशिवाय राहणार नाही. वाइन मात्र एकच. झालं?"

"हे अशक्य आहे," एव्हारिस्त म्हणाला.

शनिवारी सकाळी सह्या झाल्या, घंटा वाजल्या, तांदूळ उधळले गेले. सभागृहात मेदार बाह्या सरसावून उभा होता. त्याच्या खांद्यावर तार्दिव्होंच्या घरचं तागाचं फडकं होतं. नदीकडच्या टेबलावरचा प्रत्येक ग्लास त्याने आतून बाहेरून पुसला, आईने बाळाचे कान पुसावेत तसा. चर्चकडच्या टेबलावरचे ग्लास यंत्रातून जसे निघाले तसेच मांडले, लखलखीत आणि निर्जीव. मग सगळ्या ग्लासांत त्याने एकाच ढिगातली वाइन ओतली. इकडे माळा उठल्या, तिकडे तळं साचलं.

ग्लासाला ग्लास भिडला, डोळ्याला डोळा. फुल्जाँस आणि लेओकादी समोरासमोर आले. त्याच्या हातात फेस उसळत होता, तिच्या हातात वाइन संथ होती. दोघांनीही आपण जिंकल्याच्या चेहऱ्याने एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं आणि दोघेही प्यायले. सिदोनी बापाच्या गळ्यात पडली. "रविवारी जेवायला येतेय," ती म्हणाली, "फडकं धुऊन ठेवा."

तिकडे एव्हारिस्त पाहुण्यांना सांगत होता, की आपण एका यंत्राला बोलतं केलं.

मेदार बाटली घेऊन चर्चकडच्या टेबलापाशी आला, तेव्हा लेओकादी ग्लास रिकामा करून ताठ बसली होती. अचानक तिचे खांदे उडाले आणि गळ्यातून एक बारीक, खानदानी उचकी निसटली.

तिने सावकाश मान वळवली. "मेदार, तू काही ऐकलंस?"

"नाही, विहीणबाई."

"आपण काय पितोय?"

"शांत वाइन. दिसतेच आहे की."

"हं." तिने ग्लास उजेडात धरून पाहिला. मग तो त्याच्यापुढे सरकवला. "ओत अजून थोडी. आणि मेदार..."

"जी?"

"ते फडकं लांब धर."